गुरुवारी गाडी घरी असते

मृत्यू हा पूर्णविराम आहे आणि त्यापुढे एक अक्षरही लिहिलं जात नाही, असं माझं चाळीस वर्षांचं ठाम मत होतं. किमान पंचवीस शोकसभांत मी ते उभं राहून मांडलं आहे, आणि दोन ठिकाणी तर लोकांनी न राहवून टाळ्याही वाजवल्या. मग मार्च २००१ च्या पहिल्या गुरुवारी अल्लाबक्ष मिस्त्रीने दीनानाथ खांबेट्याच्या गाडीतली ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, फडक्याला पुसली, पुन्हा बुडवून पाहिली आणि मला विचारलं, "साहेब, ही गाडी कोण चालवतंय?"

दीनानाथला जाऊन तेव्हा जवळजवळ तीन महिने झाले होते.

दीनानाथ माझा शेजारी. एरंडवण्यात आमच्या दोन बंगल्यांमध्ये मिळून एकच कुंपण आहे, आणि ते नक्की कोणाच्या हद्दीत यावर आमचं तीस वर्षं एकमत झालं नाही. मैत्री किती घट्ट होती हे यावरून कळेल. खडकीला मोजमापाची उपकरणं बनवणारा एक कारखाना होता, तिथे तो इंजिनिअर. १९७४ साली कॅम्पातले एक पारशी गृहस्थ मुलाकडे लंडनला कायमचे निघाले, तेव्हा त्यांची गाडी त्याने घेतली. विलायती, बासष्ट सालची, दोन दारं, दोन माणसं, कापडी छत, रंग लाल. स्पोर्ट्स कार. अशा गाडीतून त्या काळी पुण्यात माणूस निघायचा तो एक तर रेसकोर्सवर जायला किंवा बदनाम व्हायला. दीनानाथ तिच्यातून डबा घेऊन कारखान्यात जायचा. काटा ताशी तीस मैलांच्या वर गेलेला कोणी पाहिला नाही. जाताना साडेचार मैल, येताना साडेचार मैल. शेजारच्या सीटवर डबा, पान्यांची पिशवी आणि पावसाळ्यात रेनकोट.

त्या सीटवर उल्का वहिनी एकदाच बसल्या होत्या. गाडीची पूजा झाली त्या दिवशी, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. तेवढ्या अंतरात दीनानाथने त्यांना सांगितलं होतं की निवृत्त झालो की आपण दोघं हिच्यातून ताम्हिणी घाट उतरून हरिहरेश्वरला जाऊ. तो तेव्हा जेमतेम तिशीचा होता. वहिनींनी ते लक्षात ठेवलं. बायकांचं हे एक असतं.

गाडीची स्वतःची मागणी एकच. दर तीन महिन्यांनी, पहिल्या गुरुवारी, नवं ऑइल. त्यासाठी खडकी बाजारातून अल्लाबक्ष हत्यारांची पेटी घेऊन घरी यायचा. त्याच्या आधी त्याचे वडील यायचे. अल्लाबक्षची एक पद्धत होती. गाडीखालून काढलेलं जुनं ऑइल सगळं फेकायचं नाही, त्यातलं थोडं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरायचं, वर तारीख आणि मैलांचा आकडा चिकटवायचा, आणि बाटली आपल्या वर्कशॉपमधल्या फळीवर ओळीत ठेवायची. पुढच्या वेळी दोन बाटल्या उन्हात धरून बघायचं. डॉक्टर रक्त बघतात तसं. खांबेटे साहेबांची ओळ फळीवर सर्वांत लांब होती.

डिसेंबर २००० च्या सात तारखेला अल्लाबक्षने ऑइल बदललं, आणि नऊ तारखेला सकाळी आंघोळ करून दीनानाथ खुर्चीत बसला तो उठलाच नाही. निवृत्तीला दोन वर्षं दहा महिने बाकी होते. मुलगा तेजस अमेरिकेतून आला, चौदा दिवसांनी गेला. गाडीवर वहिनींनी खाकी कव्हर घातलं आणि किल्ली कपाटात, साड्यांखाली ठेवली. मार्चमध्ये अल्लाबक्षला बोलवायचं नाही असं कोणी ठरवलं नव्हतं, म्हणून तो आला. पुण्यात बऱ्याच गोष्टी अशाच चालू राहतात.

उभ्या गाडीचं ऑइल मधासारखं निघायला हवं. हे काळंकुट्ट होतं. मैलांचा आकडा डिसेंबरच्या बाटलीपेक्षा सहाशे एकवीसने पुढे होता. अल्लाबक्षने थेंब अंगठा आणि बोटात चोळला, वास घेतला.

"हे शहरातलं ऑइल आहे साहेब. दुसरा गिअर, सिग्नल, पुन्हा दुसरा गिअर."

मी आधी चोराचा विचार केला. मग लक्षात आलं की सहाशे मैल फिरवून दर वेळी गाडी जागेवर आणून तिच्यावर व्यवस्थित कव्हर घालणारा चोर या शहरात नाही. इथे सख्खा भाऊ स्कूटर परत आणून देत नाही. तरी मी चौकशी शास्त्रशुद्ध केली. चारी चाकांपाशी खडूच्या खुणा केल्या. वहिनींनी सभोवती रांगोळीची रेघ ओढली. रोज सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता कव्हर उचलून मी आकडा वहीत लिहायला लागलो. दोन दिवस तर गाडीच्या शेडसमोर खुर्ची टाकून दिवसभर बसलो. गाडी हलली नाही. रांगोळी मोडली नाही. संध्याकाळी आकडा नऊने वाढलेला होता.

तीन आठवड्यांनी वही वहिनींना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बोट फिरवत वाचली. रविवारी नऊ. सोमवारी नऊ. मंगळवारी नऊ. बोट एका ओळीवर थांबलं, मग सात ओळी खाली उतरून पुन्हा थांबलं.

"गुरुवारी काही नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांची सुट्टी."

आणि कुकर बंद करायला आत गेल्या.

ज्यांची उमेद कारखान्यांच्या त्या पट्ट्यात गेली त्यांना हे सांगायला नको. वीज सगळ्यांना एकदम पुरत नाही म्हणून कारखान्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारांना वाटलेल्या असत, आणि दीनानाथच्या कारखान्याची गुरुवारी. सारं शहर रविवारी मटण आणायला निघायचं तेव्हा तो डबा घेऊन निघायचा. त्यांच्याकडची लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, सगळं गुरुवारी. कुठलाही जिवंत माणूस गाडी पळवेल तर रविवारी पळवेल. मी घरी येऊन मागचे दिवस मोजले. आठ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, गुरुवार वगळून, नाताळ, सव्वीस जानेवारी आणि महाशिवरात्र सोडून, एकोणसत्तर दिवस. गुणिले नऊ. बरोबर सहाशे एकवीस. म्हणजे अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा त्याने रजा टाकली नव्हती.

त्या दिवसापासून मी शोकसभेची निमंत्रणं घेणं बंद केलं.

पेट्रोलची गोष्ट मात्र मी कोणाजवळ बोललो नाही. ते थेंबभरही कमी होत नसे. ऑइल लागायचं, पेट्रोल लागायचं नाही. ही बातमी फुटली असती तर शेडबाहेर कर्वे रोडपर्यंत रांग लागली असती.

पहिले सहा महिने आम्ही तिघं हे सवयीने सांभाळत होतो. मग त्या सप्टेंबरात अल्लाबक्षच्या पुतणीचं, मेहजबीनचं लग्न गुरुवारी आलं, आणि तो शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास आला. ऑइल गरम असताना चांगलं निथळतं, म्हणून एरवी तो किल्ली मागून घेऊन इंजिन दहा मिनिटं जागेवर चालू ठेवायचा. त्या दिवशी कव्हर काढून त्याने सवयीने बॉनेटवर हात ठेवला आणि झटक्याने मागे घेतला. मीही ठेवला. तवा उतरवल्यावर असतो तितका गरम होता. आतून लोखंड थंड होताना येतो तसा टिक् टिक् आवाज येत होता. किल्ली वहिनींच्या हातात होती, त्या ती घेऊन नुकत्याच पायरीवर आल्या होत्या.

अल्लाबक्षने फडकं खांद्यावर टाकलं. मग गाडीखाली शिरता शिरता म्हणाला, "किल्ली राहू द्या बाईसाहेब. आज गरज नाही."

माझ्या मानेवरचे केस त्या दिवशी उभे राहिले ते अजून नीट बसलेले नाहीत. न्हावीसुद्धा विचारतो.

आता कारखान्याचं. सरकारने बाहेरच्या देशांतल्या मालाला दारं उघडली, आणि त्या उघड्या दारातून दीनानाथचा कारखाना हळूहळू बाहेर पडला. त्यांचं जे उपकरण चार जण मिळून महिन्यात बनवायचे ते तैवानहून खोक्यात येऊ लागलं, तेही जास्त अचूक. २००१ च्या दिवाळीआधी फाटकाला कुलूप लागलं. जागा विकली गेली. दोन वर्षांच्या आतच तिथे सहा मजली काचेची इमारत उभी राहिली आणि तिच्यात संगणकावर काम करणारी सहाशे मुलं बसली. ती कुठल्या तरी अमेरिकन विमा कंपनीचं काहीतरी करत. काय, ते त्यांच्या आईवडिलांनाही माहीत नव्हतं.

आकडा मात्र रोज नऊने वाढत राहिला. कुलूप लागलं तेव्हा, पाया खणला तेव्हा, काचा बसल्या तेव्हा. शेवटी मी आणि अल्लाबक्ष एकदा बघायला गेलो.

फाटकावर कोंडीराम नावाचा रखवालदार होता. जुन्या कारखान्याचाही तोच रखवालदार, जागेबरोबर विकला गेलेला. मी विषय कसा काढावा याची जुळवाजुळव करत होतो, तर अल्लाबक्षने सरळ विचारलं की खांबेटे साहेबांची गाडी कुठे लागते. कोंडीराम आम्हाला आवारातल्या चिंचेखाली घेऊन गेला. जुन्या आवारातलं तेवढं एकच झाड उरलं होतं. खाली पार्किंगच्या रेघा मारल्या होत्या, आणि मधल्या चौकोनात बशीएवढा काळा डाग होता. त्यावर एक ताजा थेंब चकाकत होता. जुनी विलायती गाडी उभी राहील तिथे थेंब टाकतेच, तिचा तो स्वभाव.

"गाडी दिसत न्हाई साहेब," कोंडीराम म्हणाला. "थेंब दिसतो. रोज येक. गुरवारी नसतो."

"इथले लोक काही विचारत नाहीत?"

"पोरांचं बूट भरायचं. हापिसातल्या मॅडमनी पाटी लावली."

पाटीवर 'राखीव' असं लिहिलं होतं. पुण्यात त्यापुढे कोणी प्रश्न विचारत नाही. कोंडीरामने आणखी एक सांगितलं. संध्याकाळी पाच वाजता तो फाटकाचा आडवा दांडा वर करतो आणि दोन मिनिटं तसाच धरतो. उगाच साहेबांना अडकायला नको म्हणून.

हे असंच कितीही वर्षं चाललं असतं, पण सप्टेंबर २००३ मध्ये सांता क्लाराहून तेजसचा फोन आला. त्याने इंटरनेटवर गाडीचा फोटो टाकला होता आणि गिऱ्हाईक मिळालं होतं. वाघोलीला कॉलेज काढलेले एक गृहस्थ. त्यांना गाडी कॉलेजच्या दारात शोभेला ठेवायची होती. इंजिन काढून टाकणार होते, म्हणजे ओझं कमी, आणि पुढच्या पोकळीत जरबेराची रोपं. तीन नोव्हेंबरच्या सोमवारी ट्रक येणार होता. तेजसचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्याच्या मते उभी गाडी म्हणजे गंजणारं लोखंड, आणि आईने प्रॅक्टिकल व्हायला हवं.

वहिनींनी फोन ठेवला आणि मला कुंपणाशी बोलावलं.

"इंजिन काढणार म्हणतात," त्या म्हणाल्या. "मग ह्यांनी जायचं कशानं?"

मी म्हणालो की तेजसला सगळं सांगून टाकू. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तो चांगला मुलगा आहे, विमानाचं तिकीट काढून येईल आणि आपल्याला डॉक्टरकडे नेईल. मग जरा थांबून त्यांनी जे सांगितलं, त्यावरून मला कळलं की त्या अडीच वर्षं रांगोळी ओढत होत्या त्या चोरासाठी नव्हे. एकतीस ऑक्टोबरला दीनानाथला साठ वर्षं पुरी होत होती. एक तारखेपासून तो मोकळा. "एकोणतीस वर्षं थांबले भावोजी. एक तारखेला मी सीटवर जाऊन बसणार. आले तर आले. नाही आले तर सोमवारी ट्रकला गाडी मी स्वतः ढकलून देईन."

यात एक अडचण होती, ती मला त्या रात्री अंथरुणात सुचली आणि मी उठून बसलो. आपल्याकडे माणूस वय झालं म्हणून निवृत्त होत नाही. निरोप समारंभ झाला म्हणून होतो. शाल लागते, नारळ लागतो, कोणीतरी दोन शब्द बोलावे लागतात. त्याशिवाय माणसाला पटत नाही. आणि ज्यांनी हे करायचं तो कारखानाच उरला नव्हता. दीनानाथला कोणी सांगणारच नव्हतं. एक तारखेला तो नेहमीसारखा चिंचेखाली जाऊन उभा राहणार, आणि वहिनी हातात पिशवी घेऊन शेडमध्ये बसून राहणार.

तयारी आम्ही वाटून घेतली. तीस तारखेच्या गुरुवारी अल्लाबक्ष ऑइल बदलायला आला. खरं तर अजून महिना बाकी होता, आणि त्याच्या घराण्यात मुदतीच्या आधी कधी कोणी नट सोडला नव्हता. पण वहिनींनी सांगितलं की घाट उतरायचा आहे. तो कामाला लागला. सुरुवातीला ब्रेक बघितले, मग पाण्याचे पाइप, मग ऑइल. जुनं ऑइल बाटलीत भरलं, पण चिठ्ठी चिकटवली नाही. मी विचारलं तर म्हणाला, ही शेवटची की नाही ते शनिवारी कळेल, मग लिहीन.

शुक्रवारी, एकतीस तारखेला, पावणेपाच वाजता आम्ही चिंचेखाली जमलो. मी, अल्लाबक्ष आणि कोंडीराम. वहिनी आल्या नाहीत. ऑफिसच्या कार्यक्रमाला बायकांनी जायची पद्धत दीनानाथला आवडत नसे. डागाशेजारी मी घडी घातलेली शाल ठेवली, तिच्यावर नारळ. माझं भाषण वीस मिनिटांचं तयार होतं. आयुष्यात प्रथमच असं झालं की ऐकणारा समोर दिसत नव्हता आणि तरी तो ऐकतोय याची मला खात्री होती. त्यामुळे एकही वाक्य आठवेना. मी एवढंच म्हणालो की खांबेटे, आज आपली सेवा पूर्ण झाली, कारखान्याच्या वतीने आभार, उद्यापासून यायचं नाही. अल्लाबक्षने माझ्या पाठीवर हात ठेवला.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी जाता जाता थांबली. कोणाचं फेअरवेल आहे, तिने विचारलं. मी नाव सांगितलं.

"कुठल्या टीममध्ये होते?"

"मोजमाप."

"ओह, टेस्टिंग," ती म्हणाली, दोन टाळ्या वाजवल्या आणि बसकडे गेली. कारखान्यातर्फे तेवढ्याच टाळ्या झाल्या.

पाच वाजले. कोंडीराम जाऊन दांडा वर करून उभा राहिला. वारा नव्हता, पण चिंचेची बारीक पानं चौकोनाच्या मापात, तेवढ्याच जागेत, खाली गळली. तापलेल्या ऑइलचा वास आला. अल्लाबक्षने नाक वर केलं आणि माझा दंड धरला. आम्ही दोघांनी एकदमच खाली पाहिलं. शाल आणि नारळ जागेवर नव्हते. कोंडीराम तिकडून येत म्हणाला, "गेलं साहेब," आणि डोळे पुसायला टोपी काढली.

रात्री मला झोप लागली नाही हे सांगण्यात अर्थ नाही. शनिवारी सकाळी साडेसहालाच मी कुंपण ओलांडलं. अल्लाबक्ष आधीच येऊन शेडबाहेर उभा होता, आत जायचं त्याला धाडस होत नव्हतं. वहिनी बाहेर आल्या. अंजिरी रंगाची साडी, एक पिशवी, एक थर्मास. आम्ही तिघांनी मिळून शेडचं दार उघडलं.

गाडीवर कव्हर नव्हतं. ते कोपऱ्यात, कडेला कड जुळवून, घडी घालून ठेवलेलं होतं. तीन वर्षांत असं प्रथमच. कापडी छत उघडलेलं होतं. शेजारच्या सीटवर ना डबा, ना पान्यांची पिशवी, ना रेनकोट. सीट पुसलेली होती, आणि पाठीवर शाल पसरून ठेवलेली होती. घाटात गार वाटतं म्हणून असेल.

वहिनी तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग आमच्याकडे न बघता त्यांनी दार उघडलं, बसल्या, पदर सावरला आणि शाल खांद्यावर ओढून घेतली. किल्ली त्यांच्या मुठीतच होती. मूठ त्यांनी मांडीवर ठेवली आणि रिकाम्या सीटकडे तोंड वळवलं. लग्नात नवरी आंतरपाटाकडे बघते तसं काहीतरी.

मिनिट गेलं. दुसरं गेलं. माझ्या मनात ट्रक येऊ लागला, जरबेराची रोपं येऊ लागली. वहिनींचा चेहरा हळूहळू म्हातारा होत होता, मला ते दिसत होतं आणि मी काही करू शकत नव्हतो.

इंजिन लागलं.

"एका दमात," अल्लाबक्ष कुजबुजला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "आवाज ऐका साहेब. एका दमात."

गाडी हळूच, नेहमीच्या अतिसावध चालीने, मागे सरकत शेडमधून बाहेर आली. स्टिअरिंगकडे मी पाहिलं नाही. दुसऱ्याच्या संसारात डोकावू नये अशी आमच्याकडे रीत आहे. फाटकाशी येऊन गाडी वळली, रस्त्याला लागली. पेपरवाला सायकलवरून उतरून भिंतीला टेकला. इतक्या वर्षांत मी वहिनींना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता एवढंच, आता त्या दोघांना कोणी पुन्हा बघणार नाही. मी हात जोडले. अल्लाबक्षने डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं.

दहा पावलांवर गाडी थांबली. वहिनींनी मान वळवून मागे पाहिलं.

"भावोजी, दूधवाल्याला सांगाल का? सोमवारपर्यंत नको म्हणावं. आणि मंगळवारपासून अर्ध्याच्या ऐवजी एक लिटर टाकायला सांगा."